कुलरचा ड्रायर



गावोगावच्या दूध संस्थांत आता बल्क कुलर आले आहेत. संध्याकाळचे धारोष्ण दूध साधारण ३५ अंशांचे असते. ते ३ तासांत ४ अंशांवर आले, तर टँकर येईपर्यंत टिकते. नाही आले, तर आम्लता वाढते, दूध परत येते आणि तोटा सभासदांच्या बिलात उतरतो. कुलर गार करीत नाही म्हटले, की मेकॅनिक सांगतो, "गॅस कमी झालाय." संस्था पैसे मोजते आणि महिन्याने पुन्हा तेच गाऱ्हाणे. गॅस काही डिझेलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती शोधल्याखेरीज भरू देऊ नये. आणि त्याआधी एका लहानशा डबीची चौकशी करावी. तिला ड्रायर म्हणतात. घरच्या फ्रीजमागेही ती असते, तांब्याची, बोटाएवढी.

कंडेन्सरमधून निघालेला द्रवरूप गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे जातो, त्या वाटेवर ड्रायर बसवलेला असतो. आतले दाणे ओल शोषतात, जाळी कचरा अडवते. दाणे भरले, की ओल पुढे जाते आणि व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात तिचा बर्फ होतो. दूध गार होणे थांबते. यंत्र घटकाभर बंद ठेवले, की बर्फ वितळून ते पुन्हा नीट चालते. हा लपंडाव दिसला, की आत पाणी शिरले असे समजावे. याहून वाईट म्हणजे ओल, गॅस आणि तेल मिळून आम्ल तयार होते व ते कॉम्प्रेसरचे वायंडिंग खाते. त्या खर्चापुढे ड्रायरची किंमत किरकोळ आहे.

यंत्र चालू असताना ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. (कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी मात्र पोळते, तिच्यापासून व पंख्यापासून हात दूर ठेवावा.) दोन्ही टोके सारखी कोमट हवीत. बाहेर पडणारे टोक गार लागले किंवा त्याला घाम सुटला, तर ड्रायर तुंबला. नळीवर काचेचा डोळा असल्यास त्यातला ठिपका बहुधा हिरवा असतो; पिवळा पडला, की ओल आहे. डोळ्यात बुडबुडे दिसले, तरी लगेच गॅस भरू नये. तुंबलेल्या ड्रायरमुळेही ते येतात.

नवा ड्रायर घेताना केवळ नळीची जाडी पाहून भागत नाही. यंत्राच्या पाटीवरचा गॅस आणि यंत्राची ताकद दुकानदाराला सांगावी. आर-४०४ए सारख्या गॅसबरोबर वापरले जाणारे पॉलिएस्टर तेल हवेतली ओल झपाट्याने ओढते. त्याला मॉलिक्युलर सीव्हचे दाणे लागतात. कॉम्प्रेसर जळाल्यानंतर आम्ल शोषणारा, ॲल्युमिना असलेला ड्रायर बसवावा व थोड्या दिवसांनी तोही बदलावा. पुष्कळ ड्रायरवर ०८३ असा आकडा असतो. ८ म्हणजे आतले दाणे ८ घन इंच, ३ म्हणजे नळी ३/८ इंची.

यंत्र उघडले, की ड्रायर नवाच हवा. जुना तापवून पुन्हा बसवू देऊ नये. टोपणे अगदी शेवटी काढावीत, बाण व्हॉल्व्हकडे असावा, डाग देताना डबीवर ओला कपडा गुंडाळावा. नंतर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा व ओल काढल्यावरच गॅस भरावा. पंप न आणता आलेल्या मेकॅनिकला माघारी पाठवलेले बरे.

बदलल्याची तारीख डबीवरच रंगाने लिहावी. काढलेला जुना ड्रायर संस्थेतच ठेवून घ्यावा, म्हणजे बिलात लावलेला नवा खरोखर बसला की नाही, ते कळते.