जनतेचें घड्याळ आणि शौकिनांची पेटी

घड्याळांच्या शौकिनांमध्यें एक वाद अलीकडे वारंवार रंगतांना दिसतो. विस्मृतींत गेलेल्या जुन्या घड्याळांपैकीं एखादा नमुना निवडावा, दोनतीनशें लोकांनीं आगाऊ पैसे भरून तो एखाद्या कारखानदाराकडून पुन्हां करवून घ्यावा, प्रत्येक घड्याळाच्या पाठीवर ‘तीनशेंपैकीं सत्तेचाळिसावें’ असा आंकडा कोरावा, आणि मग सांचा कायमचा बाजूस ठेवावा, असा हा बेत असतो. यास ‘संग्राहकांची विशेष आवृत्ति’ म्हणतात. आवृत्ति हा शब्द आम्हांस पुस्तकांमुळें ठाऊक होता. परंतु पुस्तकाची आवृत्ति निघते ती वाचक वाढावे म्हणून, आणि या घड्याळांची निघते ती मालक मोजकेच राहावे म्हणून! शब्द एकच, पण त्याचें तोंड नेमकें उलट दिशेस फिरलेलें आहे.

आमच्या बीडसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि हा शौक आतां पोंचला आहे. अशाच एका बैठकींत परवां नमुन्यासाठीं तीन नांवें पुढें आलीं : जनता, पायलट आणि कांचन. तिघांचे तीन पक्ष पडले, आणि चहा दोनदां झाला तरी निकाल लागला नाहीं. आमचें मत तेथें कोणी विचारलें नाहीं, म्हणून तें येथें मांडीत आहों.

हीं तिन्ही घड्याळें एकाच घरचीं. यंत्रें घडविणारीं यंत्रें देशांतच व्हावीं म्हणून सरकारनें १९५३ सालीं हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना केली, आणि १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें तिनें बंगळूर येथें मनगटी घड्याळें करण्यास प्रारंभ केला. तोंवर मनगटावर घड्याळ बांधावयाचें म्हणजे बहुधा स्वित्झर्लंडचें. मुंबईंत फेवर-ल्यूबा आणि वेस्ट एंड यांसारख्या पेढ्यांनीं एकोणिसाव्या शतकापासून हा व्यापार जमविला होता, आणि त्यांचें गिऱ्हाईक वकील, डॉक्टर, रेल्वेचे अंमलदार किंवा पलटणींतील सुभेदार असे. १९८४ सालीं टायटन कंपनी निघाली, विजेरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचा जमाना आला, आणि जानेवारी २०१६ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें एच. एम. टी.च्या घड्याळ कंपनीस टाळें लावण्याचा निर्णय घेतला. येथवरचा इतिहास शौकिनांस तोंडपाठ असतो. त्यावरून निघणारा प्रश्न मात्र ते स्वतःस विचारीत नाहींत.

प्रथम कांचनविषयीं. सोनेरी, तारीख-वार दाखविणारें, मनगटाच्या हालचालीनें आपोआप चावी घेणारें हें घड्याळ एके काळीं लग्नसराईंत मोठें मानाचें होतें. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही वरपक्षाची मागणी आमच्या पिढीच्या कानांवर इतक्या वेळां पडली आहे कीं, तीं तीन नांवें एका दमांतच तोंडांत येतात. आतां गंमत पाहा. ज्या १९६१ सालीं सरकारचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, त्याच सालीं संसदेनें हुंडाबंदीचा कायदा केला. एका हातानें हुंडा बंद, आणि दुसऱ्या हातानें, कांहीं वर्षांनीं का होईना, हुंड्यांत देण्याजोगी वस्तु तयार! यांत कारखान्याचा कांहीं दोष नाहीं. पण ज्या जिल्ह्यांत मुलीच्या बापाची झोंप आजहि लग्नखर्चाच्या आंकड्यानें उडते, तेथें त्या घड्याळाचा जीर्णोद्धार ‘आठवणींचा ठेवा’ म्हणून करावा, हें आमच्यानें पाहवत नाहीं. आठवण कोणाची? जावयाची कीं सासऱ्याची?

पायलटविषयीं फारसें लिहावयास नको. काळी तबकडी, ठळक आंकडे, अंधारांत दिसणारे कांटे. घड्याळ म्हणून तें उत्तमच आहे. परंतु त्याचा पुरस्कार करणाऱ्या गृहस्थांस तें ज्या कारणासाठीं हवें आहे तें वाचण्याच्या सोयीचें नव्हे. एस. टी.ची वाट पाहत उभें असतां आपण वैमानिक आहों असें वाटावें, एवढाच तो मोह आहे.

उरलें जनता. हातानें चावी द्यावयाचें, सेकंदाला पांच म्हणजे तासाला १८,००० ठोके मोजणारें, ‘सतरा ज्युवेल्स’चें साधें घड्याळ. हे ज्युवेल्स म्हणजे कारखान्यांत बनविलेलीं बारीक माणकें. चाकांचे आंस जेथें टेकतात तेथें घासून झीज होऊं नये म्हणून तीं बसविलेलीं असतात. घड्याळाचा मालक आयुष्यभर तें वापरतो, पण आपल्या मनगटावर सतरा माणकें आहेत हें त्यास दिसत नाहीं. माणकें असावींत तर अशीं, कामाला लागलेलीं. याच घड्याळाची एक तबकडी देवनागरी आंकड्यांची होती. ज्या मराठवाड्यांत १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचें राज्य होतें आणि कचेरीपासून विद्यापीठापर्यंत उर्दूचा अंमल होता, तेथील माणसास बारा वाजतां दोन्ही कांटे मराठी शाळेंत गिरविलेल्या ‘१२’ वर येतांना पाहून काय वाटलें असेल, हें मुंबई-पुण्याच्या संग्राहकास समजावून सांगणें कठीण आहे. शिवाय १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें संघराज्याच्या कारभारासाठीं आंतरराष्ट्रीय आंकडेच ठरविले. तरीहि सरकारी कारखान्यानें हे आंकडे घड्याळावर घातले, ही त्याची रसिकता म्हणावयाची.

तेव्हां आमचें मत जनतेच्या बाजूनें, आणि तेंहि देवनागरी तबकडीच्या. परंतु येथेंच आमचें व शौकिनांचें खरें भांडण सुरू होतें. जनता हें नांव धारण करणारें घड्याळ तीनशेंच करावयाचें, ही कल्पना एखाद्याच्या डोक्यांत येते तरी कशी? धर्मशाळा बांधून तिच्या दारावर ‘फक्त सभासदांसाठीं’ अशी पाटी लावण्यासारखा हा प्रकार आहे. हीं तीनशें घड्याळें मनगटावर येणारहि नाहींत. तीं मखमलीच्या पेटींत राहतील, किंमत चढली कीं एका पेटींतून दुसऱ्या पेटींत जातील. आपोआप चावी घेणाऱ्या घड्याळांसाठीं तर या मंडळींनीं विजेवर फिरणारें एक यंत्र ठेवलेलें असतें. मालक चालत नाहीं, म्हणून त्याच्याऐवजीं यंत्र चालतें!

या संदर्भांत लीलावतीची दंतकथा आठवल्यावांचून राहत नाहीं. भास्कराचार्यांचें विज्जडविड म्हणजे आमचें बीडच, असें मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष चाळीसगांवजवळच्या पाटण्याकडे बोट दाखवितो. तो वाद पंडितांनीं मिटवावा. फैजीनें १५८७ सालीं ‘लीलावती’चें फारसी भाषांतर केलें, त्यांत ही कथा येते. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त चुकूं नये म्हणून आचार्यांनीं घटिकापात्र मांडलें. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर तरंगत ठेवावयाची, आणि ती भरून बुडाली कीं घटका झाली. नटलेली लीलावती कौतुकानें वाटींत डोकावली, तिच्या अलंकारांतील एक मोतीं निखळून आंत पडलें व छिद्र बुजलें. पाणी शिरेना, वाटी बुडेना, आणि मुहूर्त टळून गेला. कथा खरी असो वा नसो, घड्याळावर अलंकार पडला म्हणजे काय होतें हें ती अचूक सांगते. पाठीवर कोरलेला तो ‘तीनशेंपैकीं’चा आंकडा म्हणजे हेंच मोतीं होय.

आमच्या या म्हणण्यास एक उत्तर मिळेल, आणि तें अगदींच पोकळ नाहीं. संग्राहक म्हणतील, ‘आम्ही होतों म्हणून हीं घड्याळें भंगारांतून वांचलीं, आम्ही आगाऊ पैसे भरतों म्हणून कारखानदार हात घालतो, संख्या ठरलेली नसेल तर तो माल कशाच्या भरंवशावर करील?’ यांतील पहिलें म्हणणें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. तबकड्या, कांटे, सुटे भाग आणि जुनीं माहितीपत्रकें या लोकांनीं जपलीं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु मागणी नोंदवून माल करणें निराळें, आणि मालाची टंचाई मुद्दाम निर्माण करणें निराळें. दोन महिने नांवनोंदणी खुली ठेवा, जितकीं नांवें येतील तितकीं घड्याळें करा. तीनशें आलीं तर तीनशें, तीन हजार आलीं तर तीन हजार. कारखानदाराचा भरंवसा यानें कमी होत नाहीं. कमी होतो तो फक्त पुढें चढ्या भावानें विकण्याचा हिशेब.

टंचाईचें फळ काय असतें तें पाहावयाचें असेल तर जुन्या घड्याळांच्या बाजारांत एक फेरी मारावी. जुन्या घड्याळावर नवी रंगविलेली भडक तबकडी बसवून तें ‘अस्सल’ म्हणून विकण्याचा धंदा मुंबईंत जोरांत चालतो. कधीं कारखान्यानें ज्या रंगाचें घड्याळ केलेंच नव्हतें, त्या रंगाचें ‘दुर्मिळ’ घड्याळ गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडतें.

आणि दुरुस्तीचें काय? जनता घड्याळाचा मोठेपणा त्याच्या तबकडींत नव्हता. तें अंबाजोगाईस बिघडलें तर अंबाजोगाईसच दुरुस्त होई, यांत होता. बाजारपेठेंत हातभर रुंदीच्या कांचेच्या पेटीमागें डोळ्यास भिंग लावून बसणारा घड्याळजी हा त्या घड्याळाचा अर्धा कारखानाच होता. विशेष आवृत्तीच्या घड्याळांत आतां जपानचें किंवा चीनचें यंत्र बसेल, त्यास आमची हरकत नाहीं. पण त्याचे सुटे भाग या घड्याळजीस मिळणार कीं नाहींत, हा प्रश्न बैठकींत कोणी काढला नाहीं. पट्टा तपकिरी असावा कीं काळा, यावर मात्र पाऊण तास गेला.

ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरास आगगाडी पाहावयास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला, त्यास वेळेच्या अभिमानाचीं भाषणें शोभत नाहींत, असें कोणी म्हणेल. म्हणोत. दर दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यांतून हजारों जोडपीं उचल घेऊन साखर कारखान्यांच्या रानांत उतरतात. मजुरी टनावर, आणि तोडलेला ऊस न्यावयास गाडी रात्रीं दोनला आली तरी उठावयाचें. त्यांचे तास कोणी मोजीत नाहीं. मोजूं लागलें तर मुकादमासच जड जाईल. जनता म्हणून जें नांव तबकडीवर छापावयाचें तें या लोकांचेंहि आहे, एवढें नमुना निवडणारांनीं ध्यानांत ठेवावें.

बैठकीची पुढची तारीख ठरली आहे, आणि नांवनोंदणीचा छापील कागद आमच्याकडेहि येऊन पडला आहे. त्यांत ‘पसंतीचा अनुक्रमांक’ म्हणून एक रकाना आहे. तो खोडून, ‘सुटे भाग कोठें मिळतील?’ एवढें त्याच्या जागीं लिहून आम्ही तो परत पाठवीत आहों. उत्तर आलें तर पैसे त्याच दिवशीं भरूं.