आधी आपली गल्ली
मुंबईत झोपडपट्टीचा पुनर्विकास आला की पहिला प्रश्न : कधीपासून राहता? १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत. १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. त्यानंतर बिहारमधून किंवा मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाला उरते भाड्याची खोली.

भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. शंभर वर्षांपूर्वी सरकारने बीडीडी चाळी भाड्याने देण्यासाठीच बांधल्या होत्या. तशा घरांची मागणी आज पुन्हा व्हायला हवी.

पण मित्रांनो, नाव ऐकून आपल्याला घर नाकारले जाते तेव्हा आपण चिडतो. मग आपल्याच मोहल्ल्यात नव्या भाडेकरूला आपण कसे वागवतो? अनेकदा त्याला करारच मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून रेशनकार्डासाठी, बँकेत खेटे.

सरकारला जाब विचारूच. त्याआधी आपल्या गल्लीतले करार नोंदवून घेऊ. आपले आजोबाही कधीतरी या शहरात नवेच होते.