गुडघ्याचे व्याकरण

मराठीच्या मास्तराने धावावे कशाला, असे अकोल्याच्या आमच्या आत्याबाई विचारतात. गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने नवा बसविल्यापासून घरात माझे पाऊलही मोजले जाते. पण जखम भरली म्हणजे पाय झाला, असे नव्हे. नवा बंध हाडात रुजायला महिने लागतात. मांडी मात्र पंधरवड्याच्या विश्रांतीतच वाळते. आधी ती कमवावी. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मिनिटभर धावावे, दोन मिनिटे चालावे. दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला नाही, तरच पुढचे मिनिट मागावे. १९१४ साली स्थापन झालेल्या आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखविले. मला वडाळी तलावापर्यंतच जायचे आहे, पण धावत!