सोडण्याचे कारण



दसरा उलटला की आपला बीड जिल्हा घराबाहेर पडतो. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरेबाळे घेऊन ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्याच रस्त्यांच्या कडेने पहाटेच्या अंधारात पोरे पळत असतात. सोळाशे मीटर, मग पुलअप्स, मग नऊ फुटांचा खड्डा. काय करतोस म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले, ‘भरती करतोय.’ यांतले कितीतरी कॉलेजात शिकणारे किंवा पदवी घेऊन बसलेले असतात. आईबाप उसाच्या फडात आणि पोरगा ग्राउंडवर, असे घर आपल्याकडे शोधावे लागत नाही.

यंदा या पोरांच्या पळण्याला वेगळीच धार आली होती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांचे बळी गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्राचेही होते. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. प्रादेशिक सेनेला म्हणजे टीएला गरजेप्रमाणे बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिल्याची बातमी आली आणि अभ्यासिकांमधून एकच चौकशी सुरू झाली : टीएचा फॉर्म कधी निघतो, पदवी लागते का, वय किती चालते? १० मेला तोफा थांबल्या. आठवडाभरात मोबाइलवरचे स्टेटस बदलले आणि चौकशाही थंडावल्या.

पोरांच्या उत्साहाला हसण्याचे आम्हाला काहीच कारण दिसत नाही. शिकलेल्या मुलाला युद्धाच्या काळात पुस्तक बाजूला ठेवून उठावेसे वाटणे, ही समाजाच्या जिवंतपणाची खूण आहे. आमचा प्रश्न पोरांना नाहीच, तो मागे राहणाऱ्यांना म्हणजे आपल्याला आहे. गेलेला मुलगा परत आल्यावर आपण त्याचे काय करतो? आणि परत न आलेल्याचे नाव कुठे लिहून ठेवतो? या हिशेबात मराठवाड्याचा, त्यातही आपल्या बीडचा ताळेबंद फारसा अभिमानाचा नाही.

सुरुवात चांगली झाली होती. १९३८ सालचा हिवाळा. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संप झाला, तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोहोचला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून उडाली. त्यांना नागपूर विद्यापीठाने आणि तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी दारे उघडी केली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच मुलांमधले. एका विद्यापीठाने हाकलले, दुसऱ्याने पदरात घेतले, म्हणून ही पिढी वाया गेली नाही. लढायला निघालेल्या विद्यार्थ्यामागे शिक्षणसंस्था उभी राहते म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला आपल्या इतिहासात नाही.

नऊ वर्षांनी प्रसंग आणखी बाका होता. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद सोडून निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले, त्याला एव्हाना बराच काळ लोटला होता. १९४७ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची हाक आली आणि मुलांनी शाळा-कॉलेजे सोडली. निजामी हद्दीबाहेर, नगर (आता अहिल्यानगर) आणि सोलापूर जिल्ह्यांत सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले होते. बार्शीकडच्या आणि इतर कॅम्पांत शिकलेली आणि न शिकलेली पोरे एका पंगतीला जेवली, हत्यार चालवायला शिकली. करोडगिरी नाके उद्ध्वस्त करणे, पोलीस ठाण्यांवर चाल करणे, निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या वाटेवरची गावे राखणे हे त्यांचे काम. अंगावर वर्दी नव्हती, पगार नव्हता, हजेरीपटही नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज मराठवाड्यात शिरली. मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे ठेवली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. ज्या गावात स्वामीजींनी वर्ग घेतले, त्याच गावात निजामाच्या घोडदळाने हत्यार खाली ठेवले, याहून मोठा निकाल कुठल्या शाळेने लावला असेल?

पण ज्यांनी हा निकाल आणला त्यांची यादी कुठे होती? भूमिगत माणूस कागद मागे ठेवत नाही, तेच त्याचे कसब असते. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले, सरहद्दीवरच्या कॅम्पांनाही मान्यता मिळाली, तेव्हा पुरावा काय द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. तुरुंगात गेलेल्याचे नाव तुरुंगाच्या दप्तरात सापडे. भूमिगताला मात्र शिक्षा भोगलेल्या दुसऱ्या सैनिकाचे शपथपत्र आणावे लागे. ‘हा माझ्याबरोबर होता’ या एका वाक्यावर हक्क ठरू लागला आणि त्या वाक्याचा बाजार झाला. लढ्याच्या वेळी ज्यांना शेंबूड पुसता येत नव्हता, तेही सैनिक ठरले. बीडच्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २००५ साली त्यावर निकाल झाला, निवृत्त न्यायमूर्तींच्या आयोगाकडून छाननी झाली. देशभर आपल्या जिल्ह्याचे नाव झाले ते असे. ज्यांनी खरोखर कॉलेज सोडले, त्यांतले किती तरी जण या धबडग्यात अर्ज न करताच गेले. खऱ्याला स्वतःची साक्ष काढायची लाज वाटते, खोट्याला वाटत नाही. वेळीच नोंद न ठेवण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

नोंद म्हणजे आरती नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, ते सुंदरलाल समितीने सरकारला कळवले होते, आणि त्यात बीडचेही नाव होते. नोंदवही खरी असेल तर तिच्यात ही पानेही असतील.

१९६२ ची गोष्ट वेगळी. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अजून भाषणांत घोळवतो. पण त्या वेळी नुसता सह्याद्री नव्हे, देशभरातली कॉलेजे धावली होती. अधिकारी कमी पडत होते म्हणून सरकारने ‘इमर्जन्सी कमिशन’ काढले. पुणे आणि मद्रासला प्रशिक्षणशाळा उघडल्या आणि पदवीधर, मास्तर, कारकून यांना काही महिन्यांत लेफ्टनंट करून पलटणीत पाठवले. १९६५ च्या युद्धात आघाडीवरच्या तुकड्या यांतल्या अनेकांनी सांभाळल्या. पण गरज सरल्यावर १९६७ पासून त्यांना घरी पाठवायला सुरुवात झाली. तिशीच्या आसपासचा, लढाई पाहिलेला माणूस पुन्हा नोकरीच्या रांगेत. सरकारने मात्र इथे एक शहाणपण दाखवले. मुलकी सेवांमध्ये त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याचे नियम केले. कागदावर नाव होते म्हणून परतीची वाट काढता आली.

त्याच काळात १९६३ पासून कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, ते परेडपेक्षा रायफल साफ करण्याबद्दल जास्त बोलतील. थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत पुल-थ्रू सोडायचा, त्याच्या फासात तेलाची चिंधी अडकवायची, एका दमात ओढायची, मग नळी उजेडाकडे धरून आत चकाकी आली का ते बघायचे. डाग दिसला की उस्ताद पुन्हा ओढायला लावी. पण सक्ती आली आणि परेडच्या दिवशी पोट दुखणाऱ्या मुलांची संख्याही वाढली. १९६८ मध्ये सक्ती उठली, आणि राहिले ते मनापासून राहिले. हुकमाने फौज उभी करता येते, पण त्या फौजेत मन घालायचे असेल तर माणूस आपल्या पायांनी यावा लागतो.

गेलेल्यांची नावे जपण्यासाठी जगात इतरांनी काय केले? ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजने पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची नावे कोरलीच, शिवाय शत्रूच्या बाजूने लढून मेलेल्या आपल्या जर्मन विद्यार्थ्यांचीही कोरली. जपानशी युद्ध चालू असताना चीनच्या तीन विद्यापीठांनी कुनमिंगला स्थलांतर करून एकत्र वर्ग चालवले. १९४६ साली परत निघताना त्यांनी मागे एक शिळा ठेवली, तिच्यावर सैन्यात गेलेल्या ८३४ विद्यार्थ्यांची नावे आहेत. त्याच युद्धात आपल्या शेजारच्या सोलापूरचा एक तरुण डॉक्टर आपण होऊन गेला होता. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, वय ३२. चीनने त्यांचा पुतळा उभारला. १९६२ च्या लढाईनंतरही त्यांची आठवण तिथे टिकली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आजचे. अग्निवीर व्हायला २०२५ साली वय साडेसतरा ते एकवीस होते. बारावी अठराव्या वर्षी, पदवी एकविसाव्या वर्षी. म्हणजे डिग्री हाती येते तेव्हा हे दार बंद होत आलेले असते. मग उरते अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा, एनसीसीची थेट मुलाखत, टीए. तिथे एसएसबीचे म्हणजे निवड मंडळाचे पाच दिवस काढायचे, तेही बहुधा इंग्रजीत. खेड्यातल्या मुलाची दमछाक धावण्यात होत नाही, ती इथे होते. जे अग्निवीर झाले, त्यांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या दिवाळीच्या आगेमागे भरत आली असतील. नियमाप्रमाणे चारांतला एक कायम होईल, तिघे घरी येतील. सेवानिधीची साधारण पावणेबारा लाखांची रक्कम हातात असेल, वय साधारण बावीस ते सत्तावीस. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, इग्नूने लष्करी प्रशिक्षणाला पदवीत निम्मे श्रेयांक देण्याची योजना काढली आहे. पण आपल्या तालुक्याच्या कॉलेजात त्यांच्यासाठी काय तयारी आहे?

प्रत्येक शाळा-कॉलेजाच्या जनरल रजिस्टरात एक रकाना असतो, ‘सोडण्याचे कारण’. बहुतेक ठिकाणी तिथे ‘पालकांचा अर्ज’ किंवा ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहिलेले असते. आमची सूचना साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या संस्थेने १९४७-४८, १९६२ ते ६५ आणि १९७१ ची रजिस्टरे कपाटातून काढावीत. इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मध्येच गळालेल्या नावांचा गावोगाव माग काढावा. ऐकीव चालणार नाही. पत्र, मनीऑर्डरची पावती, पलटणीचा कागद, कॅम्पातला फोटो, काहीतरी हवे. एकदा हात पोळले आहेत, आता चिमट्यानेच धरू. आणि यापुढे जो मुलगा सैन्यात जाईल, त्याच्या नावापुढे कारण पूर्ण लिहावे, परतल्यावर त्याला विनासायास पुन्हा प्रवेश द्यावा, त्यासाठी आधीच ठराव करून ठेवावा. १९३८ साली नागपूरने परक्या संस्थानातल्या मुलांसाठी जे केले, ते आपल्याला आपल्याच पोरांसाठी करायचे आहे.

यंदाचा दिवाळी अंक याच हेतूने बांधला आहे. सैनिकांच्या घरच्यांची मनोगते, माजी एनसीसी छात्रांच्या आठवणी, भरतीच्या अकॅडम्यांवरचा लेख आणि नेहमीच्या कथा-कविता त्यात आहेत. पावसाने यंदा मराठवाड्याचे होत्याचे नव्हते केले, तरी लेखकांनी वेळेवर मजकूर दिला, जाहिरातदारांनी हात आखडता घेतला नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनीच, बीडहून अहिल्यानगरची रेल्वे सुटली. अनेक पिढ्यांची मागणी होती ती. आपल्याकडे चिकाटी आहे, ती या कामालाही लावू. जुनी कागदपत्रे सापडली तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात त्यांना हक्काची जागा असेल.

सीमेवर असलेल्यांना, फडात असलेल्यांना आणि घरी असलेल्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

– संपादक