सफारी आणि बांधावरची हरणे



मंठा तालुक्यातल्या एका शिवारात तुरीची पाहणी करायला गेलो होतो. हरणांनी शेंडे खुडलेले पाटे दाखवता दाखवता शेतकऱ्याने खिशातून मोबाइल काढला. आफ्रिकेतल्या जंगलाची चित्रफीत होती. उघड्या टपाच्या गाडीत बसलेली माणसे हरणांचे कळप पाहत होती. तो म्हणाला, "साहेब, हे लोक लाखाने पैसे मोजून हरणं बघायलेत. माझ्या रानात तर रोज येऊन तूर खायलेत. मला कोण काय देतंय?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

सफारी हा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ प्रवास. आपली 'सफर' तीच. दोन्हींचे मूळ अरबी आहे. केनिया देशातले मासाई मारा हे सफारीचे नामांकित ठिकाण. क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या साधारण एक पंचमांश. आपण सोयाबीनच्या कोळपणीत असतो त्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शेजारच्या टांझानियातून 'नू' नावाच्या, गाईसारख्या तोंडवळ्याच्या प्राण्यांचे लाखोंचे कळप चाऱ्यासाठी तिकडे येतात. वाटेत मारा नदी, नदीत मगरी टपलेल्या. तो देखावा पाहायला जगभरातून लोक जातात.

पण आपल्या कामाची गोष्ट त्या गाडीतून दिसत नाही. या राखीव क्षेत्राला कुंपण नाही. भोवती राहणारे मासाई लोक गुरे पाळणारे. जंगलातली जनावरे त्यांच्या रानात चरतात, सिंह त्यांची गुरे मारतो. साहजिकच सिंहही मारले जात. २००५ च्या सुमारास तिथल्या जमीनमालकांनी लागून असलेल्या जमिनी एकत्र करून पर्यटनवाल्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडे जमिनीच्या क्षेत्रावर. अट अशी की कुंपण घालायचे नाही, जमीन नांगरायची नाही, गुरे ठरल्या पाळीने चारायची. जनावर ज्याच्या रानात चरते, त्याच्या घरी त्याचे पैसे येऊ लागले. हे सगळे गोडच आहे असे नाही. चराई कमी झाली अशी तक्रार आहेच, आणि २०२० साली करोनाने पाहुणे थांबले तेव्हा भाड्यालाही कात्री लागली. तरी हिशेब सरळ आहे: ओझे ज्याच्यावर, वाटा त्याला.

आता आपल्याकडे पाहू. काळवीट हा मूळ आपल्या भारतीय उपखंडातला प्राणी. आफ्रिकेत तो नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला १९८० साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. बाकीचे कळप जगतात ते तुमच्या माळावर आणि तुमच्या पिकावर. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत पोरांना वाटाड्याचे, गाडी चालवण्याचे काम तरी मिळते. आपल्या शिवारात सफारीची गाडी येत नाही. म्हणून त्या शेतकऱ्याचा सवाल खरा आहे.

मात्र एक वाटा कायद्याने ठेवलेला आहे, आणि तोच आपण सोडून देतो. हरीण, रोही, रानडुक्कर यांनी पीक खाल्ले तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात तक्रार द्या. सातबारा जोडा, खाल्लेल्या पिकाचे फोटो काढून ठेवा, पंचनामा होईपर्यंत ते रान मोडू नका. अर्जाची पोच घ्या. रक्कम नुकसानीएवढी नसते, हे मी कबूल करतो. पण ती भीक नव्हे. ते तुमच्या रानाचे भाडे समजा आणि मागून घ्या.

त्या शेतकऱ्याने तक्रार दिली नव्हती. मी पोचलो तो नववा दिवस होता. हे त्याला आधी कुणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम माझेच होते.

निघताना मोटारीच्या खोलीपाशी उघड्या तारेचे वेटोळे दिसले. कशासाठी आणले, हे विचारावे लागले नाही. मी त्याला एवढेच विचारले, "रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला कोण जातं?" तो म्हणाला, "थोरला पोरगा." मग बराच वेळ कुणीच बोलले नाही.

बंधूंनो, लाइनची वीज सोडलेल्या तारेला हरीण आणि माणूस यांतला फरक कळत नाही. शिवाय काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे. मेला तर तुरुंग. राखणच करायची तर चार शेजारी मिळून पाळीने जागल करा. लुकलुकणारा दिवा, बुजगावणे यांना जनावर सरावते, म्हणून त्यांची जागा बदलत राहा. सौर कुंपण घेतले तर त्याच्या ठरलेल्या यंत्रावरच चालवा. ते झटका देते, जीव घेत नाही.

आणि एखाद्या सकाळी लेकरांना बांधावर घेऊन जा. कळप उडी घेत पळताना दाखवा. ज्यासाठी लोक समुद्र ओलांडतात, ते तुमच्या रानात आहे. फक्त त्याची किंमत एकट्या तुमच्या तुरीने मोजू नये. तक्रारीचा कागद वेळेत द्या, आणि तारेचे वेटोळे असेल तर आजच मोडीत घाला.