विसरलेल्याची टक्केवारी

ईव्ह बर्नस्टाईन आणि फ्रँक पटनम यांची ‘डिसोसिएटिव्ह एक्स्पिरिअन्सेस स्केल’ ही डिसोसिएशन, म्हणजे स्मृती, भान किंवा स्वत्व यांपासून तुटल्यासारखे अनुभव, मोजणारी प्रश्नावली १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न २८. प्रवासातला काही भाग आठवतच नाही, आरशातला चेहरा आपला वाटत नाही. असे किती टक्के वेळा घडते, ते सांगायचे. पण जे स्मृतीतूनच निसटले, त्याची टक्केवारी माणसाने काढायची कशी? शिवाय सिनेमात हरवून जाणाऱ्या निरोगी प्रेक्षकालाही काही प्रश्न लागू पडतात. म्हणूनच उत्तरांची सरासरी ३० च्या वर गेली तरी ते डिसोसिएटिव्ह विकाराचे निदान नव्हे. सविस्तर मुलाखत घ्यायला हवी, एवढेच त्यातून कळते. ही प्रश्नावली रुग्णाला एकट्याने भरायला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एखाद्या प्रश्नाने जुना आघात उघडा पडला, तर ऐकणारे कोणीतरी शेजारी हवे.