सात्या ओळखणाऱ्यांचे मंडळ

सारस मोजायला गोंदिया जिल्ह्यात माणसे आहेत. जूनमध्ये उजाडण्याआधी शेतकरी, विद्यार्थी, शिक्षक तलावांच्या काठी आणि धानाच्या बांधांवर जाऊन बसतात, पक्षी मोजतात, शेजारच्या भंडारा आणि बालाघाटमधल्या आकड्यांशी ताडून पाहतात. ‘सेवा’ संस्थेने आणि सावन बहेकरांसारख्या कार्यकर्त्यांनी ही सवय लावली. गावोगावचे शेतकरी ‘सारस मित्र’ म्हणून या कामाला जोडले गेले. महाराष्ट्रातला सारस जवळजवळ सगळा याच जिल्ह्यात उरला आहे, हे त्यातूनच आकड्यांनिशी पुढे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. पगारी शास्त्रज्ञ नसलेली माणसे एवढे करू शकतात. मग याच जिल्ह्यात सात्या या रानअळंबीची नोंदवही अजून का नाही?

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातल्या माणसाला सात्या म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गोंदिया शहरातल्या नव्या पिढीला मात्र आता सांगावे लागते. आषाढाचे दमदार पाऊस होऊन मध्येच उकडायला लागले की वारुळांच्या आसपास ही अळंबी जमीन फोडून वर येते. टोपीच्या मधोमध अणकुचीदार टोक, देठ जमिनीत हातभर खाली गेलेला. श्रावणात मटण बंद असलेल्या घरांत तिची रस्सा भाजी होते. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दिवस वर येईपर्यंत कोहमारा ते देवरी रस्त्याच्या कडेला पानांवर वाटे मांडून बसतात आणि नागपूर-रायपूरच्या गाड्या तिथे थांबतात. भाव त्या सांगतील तो. तरीही माल तासाभरात संपतो.

ती महाग असण्याचे कारण साधे आहे. ही अळंबी कोणाला लावता येत नाही. धिंगरी अळंबी धानाच्या तणसावर घरच्या घरी घेता येते, बचत गट ती घेतातही. सात्या मात्र वाळवीच पिकवते. वाळवीचे कामकरी लाकूड, पालापाचोळा चावून वारुळात आणतात, त्याचे स्पंजासारखे पोळे रचतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. वाळवीला न पचणारे लाकूड ती बुरशी पचवून देते. हा व्यवहार सुमारे ३ कोटी वर्षांपासून चालू आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. पावसाने जमीन भिजली की त्या पोळ्यातूनच देठ वर चढतो. म्हणून देठ लांब, आणि म्हणूनच माती फोडायला टोपीला ते टोक. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ साली या गटाला टर्मिटोमायसीस हे नाव दिले. आफ्रिकेत झांबियात याच गटातली एक जात मीटरभर रुंद टोपीची होते. आपल्याकडे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, शेकड्यांनी एकत्र उगवणारी जात आहे.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. नोकरी सगळी देवरी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांत झाली. पुस्तकात भूछत्राचे एकच चित्र असायचे, आणि माझ्या वर्गातल्या गोंड आणि हलबा मुलींना मात्र घरच्या बायांबरोबर जाऊन जाऊन अनेक प्रकार पाठ असायचे. बाजारात एकदा मी एक गोरीगोमटी छत्री उचलली तर विकणारी मावशी म्हणाली, “मॅडम, ते नोका घेऊ. त्याच्या टोपीले नाक नाही.” ती छत्री तिच्या टोपलीत चुकून आली होती आणि तिने ती तिथेच फेकून दिली. वारूळ खणू नये, खणले तर पुढच्या वर्षी काही येत नाही. म्हातारी झालेली, पसरलेली छत्री जागेवर ठेवावी. बांबूच्या रानात पहिल्यांदा पाहावे, मग बांधावरच्या वारुळाकडे जावे. हे सगळे मी त्या बायांकडून ऐकले आणि मुलांकडून शाळेच्या वहीत लिहून घेतले. कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला ते ऐकायला आवडेल. पण वही शाळेची होती, आणि माझी बदली झाल्यावर ती पुढे कोणी चालवली नाही. म्हणूनच एका शिक्षिकेवर विसंबून न राहणारे, माणूस बदलला तरी चालू राहणारे मंडळ मला हवे आहे.

जगात अशी मंडळे फार जुनी आहेत. इंग्लंडच्या हेरफर्ड शहरात वूलहोप निसर्गप्रेमी मंडळ होते. त्यातल्या डॉ. हेन्री बुल या वैद्याने १८६८ साली सभासदांना घेऊन अळंबी शोधायची पहिली सहल काढली. पाद्री, वैद्य, जमीनदार असे हौशी लोक टोपल्या घेऊन रानात गेले आणि संध्याकाळी एकत्र जेवले. त्या सहलींची प्रथा पसरत गेली आणि १८९६ साली ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी उभी राहिली. अमेरिकेत बॉस्टनचा क्लब त्याच्या आदल्या वर्षीचा, १८९५ चा. न्यूयॉर्कच्या मंडळाला १९६२ साली नव्याने उभे करणाऱ्यांत जॉन केज हा संगीतकार होता. डॉक्टर, संगीतकार, गृहिणी यांनी ठेवलेल्या नोंदींवर तिथल्या अनेक जातींचे नकाशे तयार झाले.

या इतिहासातली एक गोष्ट मात्र आपण उचलायची नाही. पीटर रॅबिटच्या गोष्टींमुळे पुढे जगभर गाजलेली बिअॅट्रिक्स पॉटर आधी अळंबीची फार बारकाईने चित्रे काढत असे. बीजाणू कसे रुजतात यावर तिने निबंध लिहिला. १८९७ साली तो लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला, पण तिच्या आवाजात नाही. बायकांना त्या सभेत बसायची परवानगी नव्हती. आपल्याकडे उद्या अळंबी मंडळ निघाले आणि त्यात महाविद्यालयाचे प्राध्यापक, वनाधिकारी, छायाचित्रकार एवढेच बसले, आणि सात्या वेचणारी बाई बाहेर रस्त्याच्या कडेलाच राहिली, तर आपण तीच चूक सव्वाशे वर्षांनी पुन्हा केली असे होईल. या मंडळाचे पहिले सभासद वेचणाऱ्या बायाच असल्या पाहिजेत, आणि नोंदीवर त्यांचे नाव असले पाहिजे.

असे होऊ शकते, हे या मातीने दाखवले आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले, तेव्हा तलावाची आणि पाखरांची कितीतरी माहिती त्यांनी माधवराव पाटील डोंगरवार आणि तिथल्या रानातल्या माणसांकडून घेतली. ती पुस्तकांत आली म्हणून साऱ्या महाराष्ट्राला नवेगाव कळले. अर्जुनी मोरगावात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाला सोबत घेऊन मामा (माजी मालगुजारी) तलावांतले देशी मासे आणि पाणवनस्पती यांवर काम केले. झाले ते पक्ष्यांचे आणि पाण्याचे. रानातली बुरशी तेवढी राहून गेली. पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने १९८० साली साठे आणि देशपांडे यांचे राज्यातल्या अळंबीवरचे पुस्तक काढले, ते आजही मोलाचे आहे. पण पुण्याहून इथल्या प्रत्येक पावसाळ्यात कोणी येऊन राहू शकत नाही. अळंबी दोन दिवस दिसते आणि जाते. तिची नोंद जवळ राहणाऱ्यानेच करायला हवी.

एक शंका मला नेहमी ऐकू येते आणि ती खरी आहे: नोंदी झाल्या की जागा उघड होतील, ठेकेदार येतील, बायांच्या हातचा धंदा जाईल. म्हणूनच वारुळाची जागा वहीत लिहायचीच नाही. गाव, महिना, पाऊस, जात आणि अंदाजे वजन एवढे पुरे. वही ग्रामसभेच्या ताब्यात राहावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने जिल्ह्यातल्या अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. त्या कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपान, बांबू, मध, लाख यांची नावे आहेत, अळंबीचे नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्यावरचा हक्क उद्या सहज नाकारता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. तिच्यात सात्यांची पाने जोडली तर हा पुरावा गावाचाच राहील. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात वेचणी करायची नाही, हा नियम मंडळाने आधीच मान्य करावा. त्याने वनविभागाशी भांडण टळेल आणि काम पुढे जाईल.

दुसरी गोष्ट विषाची आहे, आणि तिच्यासाठी तर मी मंडळ मागते आहे. दर पावसाळ्यात विषबाधेच्या बातम्या येतात. पुष्कळदा कारण असते ते अंगणातल्या, मैदानातल्या गवतात उगवणारी मोठी पांढरी छत्री. शास्त्रज्ञ तिला क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस म्हणतात. दिसायला भरदार, खायला धोक्याची. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तिची टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी घालून वाटीने झाकून ठेवली तर सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटतो. सात्याचा ठसा फिकट गुलाबीसर असतो. शाळेतली पोरे हे सहज करू शकतात. मात्र ठसा ओळख पटवायला मदत करतो, खायचा परवाना देत नाही. चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी खाल्लेली आहे, लसणासोबत शिजवली, म्हणून छत्री निर्धोक, या समजुतींना काहीच आधार नाही. अॅमॅनिटा गटातल्या काही जातींचे विष तर सहा ते बारा तास किंवा त्याहून उशिरा लक्षणे दाखवते. मग रोग्याला बरे वाटल्यासारखे होते आणि त्या काळात यकृत निकामी होत असते. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काय खाल्ले? एक उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत नेली तर त्याचे उत्तर मिळते. प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते, म्हणून कागदच. इतकी साधी गोष्ट गावोगावी सांगायला आज कोणी ठरलेले माणूस नाही. मंडळाने ती सांगितली तरी त्याचे असणे सार्थकी लागेल.

कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे तरोटा, वास्ते, काटवलांसोबत सात्याही मांडल्या जातात, फोटो निघतात आणि मांडव उठतो. त्याच मांडवात एक टेबल ओळख पटवण्यासाठी असावे. त्यावर वेचणारी एक अनुभवी बाई आणि महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक शेजारी-शेजारी बसावेत, दोघांनाही मानधन सारखेच मिळावे. मोठ्या निधीची गरज नाही. वही, वजनकाटा, कागद, एक भिंग आणि एखाद्या तरुणाचा मोबाइल एवढ्यावर काम सुरू होते.

पहिली बैठक गोंदियातल्या सभागृहात नको. ती देवरीच्या किंवा नवेगावबांधच्या आठवडी बाजारात घ्यावी, आषाढात, बाया टोपल्या घेऊन आल्यावर. सारस मित्रांनी त्यात पुढाकार घ्यावा, त्यांना नोंदीची शिस्त माहीत आहे. आणि ज्यांच्या घरात सात्या वेचणारी आजी किंवा मावशी अजून हिंडती-फिरती आहे, त्यांनी यंदा तिच्यासोबत रानात जावे, ती काय सांगते ते लिहून काढावे आणि खाली तिचे नाव घालावे.